मागचं चाक वाकडं की मडगार्ड?

मोटरसायकल मेन स्टँडवर लावून मागे चार पावलं सरकलं की पुष्कळांना एक गोष्ट खटकते. टायर मडगार्डच्या मधोमध दिसत नाही. डावीकडे दोन बोटं जागा, उजवीकडे जेमतेम एक. मग ॲक्सलचा (चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याचा) नट ढिला होतो, एका बाजूचा चेन ॲडजस्टर (ॲक्सल मागे ओढून चेन ताणणारा बोल्ट) दोन-तीन फेरे फिरतो, टायर मधोमध आल्यासारखा वाटतो आणि नट पुन्हा घट्ट. सरळ चालणारी गाडी वाकडी करायचा याहून सोपा मार्ग नाही.

थोडा हिशोब करून पाहा. चिमट्याच्या (मागचं चाक दोन पायांमध्ये धरणारा स्विंगआर्म; गॅरेजमध्ये त्याला हेच नाव आहे) दोन ॲडजस्टरमध्ये साधारण २०० मिमी अंतर धरू, टायरचा व्यास ६०० मिमी आणि दोन चाकांच्या ॲक्सलमधलं अंतर १३०० मिमी. एका बाजूचा ॲडजस्टर १ मिमी जास्त ओढला, तर चाक ॲक्सलभोवती थोडं वळतं आणि टायरची मागची कड १.५ मिमीच सरकते. म्हणजे ती कड मडगार्डखाली ६ मिमी हलवायची तर दोन ॲडजस्टरमध्ये ४ मिमीचा फरक पाडावा लागेल. आता तोच ४ मिमीचा फरक पुढच्या चाकापर्यंत नेऊन बघा. तिथे मागचं चाक रोखानं २६ मिमी बाजूला बघत असतं. पत्र्याखालची सहा मिमीची शोभा साधायला सव्वीस मिमीचा वाकडेपणा विकत घेतला. चेन तिरपी, स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चकतीच्या) दातांची एक बाजू घासायला लागते, आणि हँडल किंचित वळवून धरलं तरच गाडी सरळ जाते.

मडगार्ड हा चार-पाच बोल्टांवर आणि रबरी बुशांवर टांगलेला पत्रा आहे. चाकाचा सरळपणा त्याच्यावरून ठरवायचा नसतो. क्रम उलटा आहे: चाक चिमट्याशी आणि पुढच्या चाकाशी जुळवायचं, आणि ते जुळल्याची खात्री झाली की मडगार्ड चाकावर आणून बसवायचं. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण इथे लागू नाही. इथे बऱ्याचदा अंगणच वाकडं असतं.

फट काय सांगते

पाना हातात घेण्याआधी पट्टी घ्या आणि टायरच्या दोन्ही बाजूंच्या फटी तीन जागी मोजा: पुढे, जिथे टायर चिमट्याच्या दोन पायांमध्ये असतो तिथे, वर, मडगार्डच्या खाली, आणि मागे, मडगार्डच्या शेपटाजवळ. दोष कुठे आहे ते या सहा आकड्यांवरून बरंचसं कळतं.

पुढे टायर उजवीकडे आणि मागे डावीकडे (किंवा उलट) झुकलेला असेल, तर चाक वळलेलं आहे. दोष ॲडजस्टरमध्ये, म्हणजे ॲक्सल तिरपा. तिन्ही जागी टायर एकाच बाजूला, जवळपास तेवढाच सरकलेला असेल, तर अख्खं चाक बाजूला गेलंय. ॲक्सलवरचे कॉलर (चाक आणि चिमटा यांच्यातल्या पोकळ नळ्या) उलटसुलट बसलेत, किंवा आऱ्यांच्या चाकात रिम हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मानाने सरकली आहे. ॲक्सलच्या उंचीला पुढे-मागे सगळं ठीक आणि फक्त वरच्या टोकाला फरक असेल, तर चाक कलंडलेलं आहे: चिमट्याला पीळ, वाकलेला ॲक्सल, किंवा दोन शॉकअपमध्ये फरक. आणि चिमट्यातल्या फटी बरोबर असून मडगार्डखालच्या तेवढ्या चुकत असतील, तर चाकाला हात लावायचं कारणच नाही.

एक सावधगिरी. काही गाड्यांमध्ये चिमट्याचे दोन पाय सारखे नसतात. चेनच्या किंवा सायलेन्सरच्या बाजूचा पाय आत-बाहेर वळवलेला असतो. तिथे डावी-उजवी फट मुळात असमान असते, तेव्हा निवाडा दोरीच्या मापावर सोडावा, ते पुढे येतंय.

जोडीचे शॉकअप असतील तर ते याच वेळी बघून घ्या. खालच्या कड्याचे नॉच दोन्ही बाजूंना एकाच पायरीवर हवेत. एक दुसऱ्या पायरीवर आणि एक चौथ्या, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो, कारण एका बाजूला हुक पाना सहज लागतो आणि दुसऱ्या बाजूला सायलेन्सर आडवा येतो. चिमटा त्यामुळे सतत पिळात राहतो. शॉकअप काढलेच तर वरच्या-खालच्या डोळ्यांमधलं अंतर मोजून दोन्हींची लांबी एकच आहे का तेही पाहा.

मोजण्याआधी ढिलेपणा काढा

ज्या चाकाचं बेअरिंग खेळतंय त्याचं अलाइनमेंट मोजण्यात अर्थ नाही. मागचं चाक हवेत घ्या. टायर वर आणि खाली धरून आडवा हलवा: चाक हबवर टकटक हललं तर बेअरिंग गेलं. आता चिमट्याचं मागचं टोक धरून बाजूला हलवा: पुढे खिळीपाशी (चिमटा फ्रेमला ज्या बोल्टवर फिरतो तिथे) हालचाल दिसली तर चिमट्याचे बुश गेले. हे दोन्ही आधी बदलायचे. बुश झिजलेली गाडी स्टँडवर सरळ मोजली जाते आणि वळणावर स्वतःच्या मनाने वाकडी होते.

मग रिमची आऊट, म्हणजे फिरताना रिम बाजूला (आडवी) किंवा वर-खाली (उभी) किती डुलते ते. चिमट्याला एक केबल टाय बांधा, त्याचं टोक रिमच्या कडेपासून मिलिमीटरभर लांब राहील असं कापा आणि चाक हळू फिरवा. आडवी आणि उभी, दोन्ही आऊट २ मिमीपर्यंत चालते, ही बहुतेक मॅन्युअलमधली मर्यादा. त्यापुढे गेली तर आरे आवळावे लागतात. ज्या बाजूच्या हब-फ्लँजचे आरे आवळाल त्या बाजूला रिम ओढली जाते. निपल (आऱ्याच्या टोकाचा नट) एका वेळी पाव फेरा, आणि समोरच्या बाजूचे तेवढेच सैल. सैल न करता नुसतं आवळत गेलं की आडवी आऊट जाते आणि उभी येते. काम संपल्यावर निपलच्या बाहेर आलेलं आऱ्याचं टोक कानशीने घासून टाका, नाहीतर ट्यूब पंक्चर ठरलेली. अलॉय व्हील वाकलं असेल तर ते ठोकून सरळ करू नका. तडा आत राहतो, बाहेरून दिसत नाही.

रिम ठीक असूनही टायर डुलताना दिसत असेल, तर टायरच्या बाजूवर रिमला लागून गोल फिरणारी बारीक रेघ बघा. तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं हवं. एका जागी ती रिममध्ये बुडाली असेल तर टायर तिथे बसलेलाच नाही. हवा काढून कडेला साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. अशा टायरवर दोरी लावली तर ती टायरची चूक चाकाच्या नावावर लिहिते.

राहिले कॉलर. हब आणि चिमटा यांच्यामध्ये डावीकडे-उजवीकडे जे पोकळ कॉलर असतात ते बहुतेक गाड्यांत वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि पंक्चर काढून झाल्यावर घाईत अदलाबदल होतात. दोन कॉलरमध्ये ८ मिमीचा फरक असेल तर अदलाबदलीने अख्खं चाक ८ मिमी सरकतं, आणि सोबत स्प्रॉकेटही. चेनचा आवाज बदललाय आणि चाक एका अंगाला गेलंय, अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर आधी इथे शंका घ्या. हबच्या पोटात दोन बेअरिंगच्या मधली नळीही जागेवर हवी. ती राहून गेली तर नट आवळताना बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, चाक जड फिरतं, आणि काही दिवसांत बेअरिंग खलास. स्प्रॉकेट ज्या वेगळ्या कपलिंगवर असतं त्याच्या बेअरिंगमध्येही एक छोटा कॉलर असतो. खाली पडून हरवणारा तो हाच.

ॲक्सल बाहेर काढलाच आहे तर सपाट काचेवर लोळवून बघा. सरळ असेल तर आवाज न करता लोळतो. वाकलेला असेल तर डुगडुगतो. ॲक्सल तापवून किंवा ठोकून सरळ करायचा नसतो, बदलायचा असतो.

दोरी

दोन्ही ॲडजस्टर सारखे ठेवायला चिमट्यावर ज्या खुणा असतात त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्या ठोकून उमटवलेल्या असतात, त्यांच्यावर रंग चढतो, ॲडजस्टरच्या पट्ट्या किंचित तिरप्या बसतात, आणि दोन्ही बाजू सारख्या खुणेवर असूनही ॲक्सल मिलिमीटरभर तिरपा निघू शकतो. आपल्याला वरच्या हिशोबावरून कळलंय की मिलिमीटर म्हणजे पुढच्या चाकापाशी साडेसहा. खुणा एवढ्यासाठीच चांगल्या की एकदा दोरीने खात्री केली, की पुढच्या वेळी त्याच फरकाने परत येता येतं.

दोरीच्या आधी एक झटपट तपासणी. चिमट्याच्या खिळीच्या केंद्रापासून ॲक्सलच्या केंद्रापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. टेपने सायलेन्सर, फूटरेस्ट आडवे येतात, म्हणून एक सरळ सळई घ्या, एका टोकाला टोकदार तार आडवी बांधा, दुसऱ्या टोकाकडे सरकणारी रबरी कडी. एका बाजूला तारेचं टोक खिळीच्या केंद्रावर टेकवून कडी ॲक्सलच्या केंद्रावर आणायची आणि तीच सळई दुसऱ्या बाजूला धरायची. आकडा वाचायची गरजच नाही, फरक तेवढा दिसतो. हे अंतर सारखं असेल तर ॲक्सल खिळीला समांतर आहे.

आता दोरी. गाडी मेन स्टँडवर, जमीन सपाट, गाडी उभी सरळ. साईड स्टँडवर हे काम होत नाही. मासेमारीची नायलॉन दोरी किंवा गवंड्याची दोरी घ्या. सुती दोरी ताणल्यावर लांबत राहते. दोरीचा मध्य मागच्या टायरच्या मागच्या कडेला गुंडाळा, स्टँड आणि सायलेन्सर चुकवून जितकी वर नेता येईल तितकी वर, आणि दोन्ही टोकं पुढच्या चाकाच्या पुढे नेऊन दोन जड वस्तूंना बांधा. दोन्ही बाजूंची उंची एकच. आता पुढच्या वस्तू आत-बाहेर सरकवत दोरी अशी आणा, की ती मागच्या टायरच्या मागच्या कडेला टेकलेली आहेच, पुढच्या कडेलाही नुसती शिवते. शिवते म्हणजे शिवते. वाकत नाही. वाकली तर ती दोरी खोटं बोलतेय. टायरवरची उठावदार अक्षरं दोरीखाली येत असतील तर चाक थोडं फिरवून घ्या.

मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद असतो, म्हणून पुढच्या टायरला दोरी लागत नाही. दोन्ही बाजूंना फट राहते. मागचा १२० मिमी, पुढचा ८० मिमी असेल तर फरक ४० मिमीचा, म्हणजे प्रत्येक बाजूला २० मिमी. प्रत्यक्ष टायर छापील मापापेक्षा दोन-चार मिमी कमी-जास्त भरतो, त्यामुळे २० हा आकडा पवित्र नाही. डावं-उजवं सारखं असणं महत्त्वाचं. मोजण्याआधी हँडल असं धरा की पुढच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेला, एकाच बाजूची फट एकसारखी येईल.

समजा डावीकडे २६ आणि उजवीकडे १४ मिमी आली. पुढचं चाक दोरींच्या मध्यापासून ६ मिमी उजवीकडे आहे. दुसऱ्या शब्दांत, मागचं चाक डावीकडे बघतंय. ज्या बाजूचा ॲडजस्टर मागे ओढाल त्या बाजूला चाकाचं पुढचं तोंड वळतं, म्हणून इथे उजवी बाजू मागे ओढायची, किंवा चेन आधीच ताणलेली असेल तर डावी सैल करायची. किती? सहाला १३०० ने भागून २०० ने गुणा: ०.९ मिमी. ॲडजस्टरचा बोल्ट एम-८ असेल तर त्याचा एक फेरा १.२५ मिमीचा असतो, म्हणजे पाऊण फेरा. एम-६ असेल तर फेरा १ मिमीचा, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला थोडा कमी. षटकोनी डोक्याची एक बाजू म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, ढोबळमानाने ०.२ मिमी. या मापात विचार करायची सवय लागली की ‘थोडं आवळून बघू’ बंद होतं.

फिरवल्यावर दोरी पुन्हा लावायची, कारण मागचं चाक हललंय. दोन-तीन वेळा करावं लागतं. दोन्ही बाजूंचा फरक २ मिमीच्या आत आला की थांबा. दोरीने त्याहून बारीक मोजता येत नाही.

सळई म्हणते ॲक्सल समांतर आहे आणि दोरी म्हणते चाक वाकडं आहे, असं झालं तर? तेव्हा ॲडजस्टरने दोरीची समजूत काढू नका. चाक बाजूला सरकलंय का बघा (कॉलर, रिम), नाहीतर चिमटा, फ्रेम किंवा पुढचा फोर्क वाकलाय. काही गाड्यांत मागचं चाक मुळातच काही मिमी बाजूला बसवलेलं असतं, तेही मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावं. शेवटचा साक्षीदार चेन: मागे उकिडवं बसून चेनच्या वरच्या फळीवरून (दोन स्प्रॉकेटमधल्या वरच्या पट्ट्यावरून) पुढे नजर टाका. स्प्रॉकेटमधून निघताना ती एका बाजूला मुरडत असेल, किंवा दातांची एकच बाजू चकचकीत झाली असेल, तर अजून काहीतरी राहिलंय.

नट आवळताना

इथे अर्धं काम वाया जातं. सगळं जुळवलं, आणि नटावर जोर लावताच ॲक्सल ॲडजस्टरपासून सुटून मिलिमीटरभर मागे गेला. उपाय जुना आहे. चेन मागच्या स्प्रॉकेटवर जिथे चढते तिथे दोघांच्या मध्ये कापडाची घट्ट गुंडाळी ठेवा आणि चाक हाताने तेवढंच फिरवा की ती आत अडकेल. चेन ताणली जाते, ॲक्सल पुढे ओढला जाऊन दोन्ही ॲडजस्टरवर टेकतो, आणि अशा अवस्थेत नट आवळायचा. इंजिन बंद, किल्ली काढलेली, बोटं कापडाच्या लांब. चालू इंजिनवर, गिअरमध्ये चाक फिरत असताना चेनजवळ हात नेणं म्हणजे बोटावर पाणी सोडणं.

ॲडजस्टर गोगलगाईसारख्या चकतीचा असेल तर दोन्ही बाजूंना एकच खाच हवी आणि चकती खुंटीला टेकलेली हवी. टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, मॅन्युअलप्रमाणे, लहान गाड्यांना साधारण ५० ते ७० न्यूटन-मीटर, मोठ्यांना १०० च्या आसपास. स्प्लिट पिन नवी घाला. जुनी दोनदा वाकवलेली पिन तिसऱ्यांदा तुटते.

चेनची ढील चाक फिरवत, सगळ्यात घट्ट जागा शोधून तिथे मोजायची. खालच्या फळीच्या मध्यावर वर-खाली २५ ते ३५ मिमी हे बऱ्याच गाड्यांचं माप, पण चिमट्यावरचं स्टिकर वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका. घट्ट चेन सैल चेनपेक्षा वाईट, कारण माणूस बसल्यावर चिमटा वर येतो तेव्हा ती आणखी ताणते आणि भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

ड्रम ब्रेक असेल तर आणखी तीन गोष्टी. ब्रेक प्लेटला चिमट्याशी बांधणारा टॉर्क रॉड पुन्हा जोडला ना, नट आणि पिनसकट? तो सुटा राहिला तर पहिल्या जोरदार ब्रेकला अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते, ब्रेक रॉड वाकतो आणि चाक जाम होतं. दुसरं, ॲक्सलचा नट आवळताना ब्रेकचं पेडल दाबून ठेवा, म्हणजे शू ड्रममध्ये मध्यभागी बसतात. तिसरं, ॲक्सल मागे गेला की ब्रेक रॉडही ओढला जातो. पेडलची मोकळी हालचाल कमी होते आणि ब्रेक चिकटून चालतो. रॉडचा नट सैल करून २० ते ३० मिमी हालचाल परत द्या आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का पाहा. डिस्क असेल तर कॅलिपरचा ब्रॅकेट चिमट्यावरच्या खाचेत बसलाय का एवढं बघा, आणि गाडी हलवण्याआधी पेडल दोन-चारदा दाबून ते कडक होऊ द्या.

आता मडगार्ड

चाक सरळ आहे हे ठरलं. तरीही मडगार्डखाली ते मधोमध नसेल, तर आता मडगार्डची पाळी.

मध्य डोळ्याने ठरवू नका. कागदाची पट्टी मडगार्डच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चापून लावा, कापा, मधोमध दुमडा, परत ठेवा आणि चिकटपट्टीवर खूण करा. एक खूण वर सीटजवळ, एक मागच्या टोकाला. मागच्या खुणेवरून ओळंबा सोडा. त्याचं टोक टायरच्या मध्यावर कुठे येतं ते मोजा. टायरचा मध्य नक्षीवरून ठरवू नका, ती बऱ्याचदा असमान असते; टायरची रुंदी मोजून निम्मी करा. स्टँडखालची जमीन कलती असेल तर ओळंबा फसवतो, म्हणून आधी मागचं चाक उभं आहे का हे त्याच ओळंब्याने रिमच्या वरच्या-खालच्या कडेशी ताडून घ्या आणि गरज पडली तर स्टँडच्या एका पायाखाली पत्रा सरकवा.

मग मडगार्डचे सगळे बोल्ट बोटाने फिरतील इतके सैल करा. सगळे. एकही घट्ट ठेवून बाकीच्यांवर जोर लावला तर पत्रा त्या एका भोकाभोवती वाकतो, आणि पुढच्या काही महिन्यांत नेमका तिथूनच तडकतो. पुढचं टोक आधी मध्यावर आणा, मग सीटच्या दोन्ही रुळांवरचे बोल्ट, आणि सगळ्यात शेवटी मागचा आधार किंवा ग्रॅब रेल (सीटमागची धरायची दांडी). ग्रॅब रेल बहुतेक वेळा खरा गुन्हेगार असतो: गाडी स्टँडवर चढवताना सगळे तिलाच धरून ओढतात, एका बाजूचा पाय काही मिमी वाकतो आणि मडगार्डला सोबत घेऊन जातो. रेल सुटी करून मडगार्ड आपोआप मध्यावर आलं तर निदान झालं. रेलचा पाय व्हाईसमध्ये सरळ करा, गाडीवर असताना नाही.

रबरी बुश आणि त्याच्यातली लोखंडी नळी ही जोडी आहे. बोल्टचा जोर नळीवर यायला हवा आणि रबराने पत्र्याला फक्त धरायचं. नळी हरवली असेल तर बोल्ट रबर चिरडतो, काही दिवसांत रबर सपाट होतं, मडगार्ड खडखडायला लागतं, मग कोणीतरी आणखी आवळतं. एम-६ बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरे. बोल्टाची दिशाही बघा: गोल डोकं आत, टायरकडे, आट्यांचं टोक आणि नट बाहेर. उलटं बसवलेलं टोक टायर वर आला की त्याला नांगरासारखं ओरबाडतं.

दोन-तीन मिमीच कमी पडत असेल तर भोक गोल कानशीने लांबट करा, उघड्या कडेला प्रायमर लावा आणि वर मोठ्या व्यासाचा वॉशर द्या. त्याहून जास्त लागत असेल तर भोक लांबवत बसू नका, वाकलेला ब्रॅकेट शोधा. सीटखालच्या फ्रेमसाठी कर्णाची युक्ती आहे: डाव्या बाजूच्या पुढच्या ठाम बिंदूपासून उजव्या मागच्या भोकापर्यंत, आणि उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत. दोन कर्णांत चार-पाच मिमीचा फरक म्हणजे शेपूट बाजूला वाकलंय. एकदा बाजूवर पडलेल्या गाड्यांत, किंवा मागच्या कॅरिअरवर कायम एका अंगाला ओझं वाहणाऱ्यांत हे दिसतं. ते काम जिगवाल्याचं, म्हणजे साच्यात धरून फ्रेम सरळ करणाऱ्याचं.

पत्र्याला तडा गेला असेल तर तड्याच्या अगदी टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि मग वेल्डिंग. मडगार्ड गाडीवर ठेवून वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरी सोडवा, इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) जोडही काढा, आणि मागच्या दिव्याच्या वायरी बाजूला घ्या. त्या वायरी मडगार्डच्या आतून पत्र्याच्या क्लिपमध्ये जातात. मडगार्ड सरकवताना क्लिप आणि फ्रेम यांच्यात चिमटल्या की फ्यूज उडतो, तोही खड्ड्यात. प्लॅस्टिकचं मडगार्ड वर्षानुवर्षं वाकडं बसून त्याच आकारात गोठलेलं असेल तर गरम पाणी किंवा हेअर ड्रायर वापरून मऊ करा आणि निवेपर्यंत सरळ धरून ठेवा. थंड असताना वाकवलं तर वळीवर पांढरी रेघ येते. तडा तिथूनच सुरू होतो.

बाजूच्या फटीइतकीच वरची फट महत्त्वाची, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. गाडी उभी असताना हातभर जागा दिसते, पण दोघं बसून गतिरोधकावर आदळल्यावर चाक पूर्ण वर येतं. मडगार्डच्या आतून हात फिरवा: चकचकीत पट्टा किंवा काळं रबर लागलं असेल तर टायर तिथे पोचतोय. खात्रीसाठी आत वरच्या भागात मॉडेलिंगच्या मातीचे बोटभर जाडीचे गोळे चिकटवा, जोडीदाराला मागे बसवून एखाददुसरा गतिरोधक घ्या आणि माती किती चेपली ते मोजा. शिल्लक १० मिमीपेक्षा कमी असेल तर मला ते पटत नाही. चिखल तेवढी जागा सहज भरून टाकतो.

टायर मोठा घातला असेल तर हे आणखी लागू. १००/९०-१७ च्या जागी १२०/८०-१७ आला की रुंदी प्रत्येक बाजूला १० मिमी वाढते आणि उंची ९० वरून ९६ मिमी होते, म्हणजे वरची फट ६ मिमीने घटते. चेनच्या बाजूला तर ती १० मिमी मुळातच नसते, आणि मग चाक दुसऱ्या बाजूला सरकवायला कोणीतरी कॉलर घासून देतं. तसं केलं की पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटची सरळ रेघ गेली. टायर लहान घ्या.

चिमट्यावर बसणारं छोटं मडगार्ड चाकाबरोबर वर-खाली होतं, तिथे वरच्या फटीचा प्रश्न नाही. पण ॲक्सल चेनबरोबर मागे सरकत जातो, तशी टायरची त्याच्यापासूनची जागा बदलते. नवी चेन टाकली की ॲक्सल पुन्हा पुढे येतो आणि टायर चिमट्यावरच्या मडगार्डच्या पुढच्या कडेला लागू शकतो. नवी चेन टाकल्यावर अचानक सुरू झालेल्या घासण्याच्या आवाजाचं कारण बहुधा हेच.

शंभरेक किलोमीटर चालल्यावर ॲक्सलचा नट, ॲडजस्टरचे लॉकनट आणि मडगार्डचे बोल्ट एकदा तपासा; रबर बसतं आणि बोल्ट किंचित सैल होतात. सगळं जागेवर असेल तर चिमट्यावर दोन्ही बाजूंना ॲडजस्टरच्या कडेला धरून टोच्याने बारीक रेघ ओढून ठेवा. कारखान्याच्या खुणांपेक्षा ही रेघ खरी, आणि पुढच्या पंक्चरला कामी येणारी तीच.